चव्वेचाळीस हात जमीन

जसोंडीच्या पोरांनी बऱ्हाणपूर शहरातल्या शनवाऱ्याच्या टीमला लेदरच्या चेंडूवर मॅच खेळायला बोलावलं, तेव्हा गावातल्या जाणत्यांनी एकच प्रश्न विचारला, "खेळणार कशावर?" टेनिसचा चेंडू कुठंही खेळता येतो. लेदरचा चेंडू खडबडीत जमिनीवरून कसा उसळेल आणि कोणाचे दात घेऊन जाईल, त्याचा नेम नसतो. गावच्या टीमचा कप्तान समाधान छाती पुढं काढून म्हणाला, "दगाआबांच्या पिचवर." त्यावर जाणत्यांनी माना डोलावल्या.

दगाआबांनी स्वतः जन्मात बॅट हातात धरली नव्हती. एका ओव्हरमध्ये सहा चेंडू असतात हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. पण जमीन त्यांना कळायची. जसोंडीपासून निंबोल्यापर्यंत कोणत्या शेतातली माती किती पाणी पिते, वाळल्यावर किती बोटं फाटते, हे ते अनवाणी चालत जाऊन सांगायचे.

आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिसऱ्याचं नाव दगा ठेवलं. दगडाला कोण नेणार, हा त्यामागचा हिशेब. पोरगा खरंच दगडासारखा निघाला. आजारी पडला नाही, शाळेत टिकला नाही आणि चौदाव्या वर्षी बापामागं खळी करायला जाऊ लागला.

तेव्हा ज्वारी-हरभऱ्याची मळणी खळ्यावर व्हायची, आणि चांगलं खळं करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. जमीन खणायची, खडे वेचायचे, पाणी द्यायचं, ती नेमकी वाफशावर आली की बैल फिरवायचे, मग धुमसानं ठोकत बसायचं आणि शेवटी शेणानं सारवायचं. ओल एक दिवस जास्त राहिली तर बैलाच्या खुरांचे खड्डे पडतात, एक दिवस कमी राहिली तर माती दबतच नाही. तो मधला दिवस ओळखणारी माणसं पंचक्रोशीत दोन होती. एक दगाआबांचे वडील, आणि ते गेल्यावर दगाआबा. दिवाळी झाली की लोक बोलवायला यायचे. आबा खळ्याला "खयं" म्हणायचे आणि सांगायचे, "खयं खोटं असलं तर दाण्यात माती येते. आन् दाण्यात माती आली का घरात भांडण येते."

मग मळणी यंत्रं आली. चार-पाच वर्षांत खळी मोडली, त्या जागांवर केळी उभी राहिली. दगाआबा केळीत दारं धरायला लागले. रात्री-अपरात्री, थंडीत, गुडघाभर चिखलात उभं राहून एकेका खोडाला पाणी पोचवायचं. त्यातही त्यांचं नाव झालं. मग ठिबकच्या नळ्या आल्या आणि दारं धरायचं कामही गेलं. लोक हळहळायचे, तर आबाच हसून म्हणायचे, "माझे दोन धंदे मशिनीनं नेले. तिसरा नेऊ दे, तवर मी म्हातारा होऊन जाईन."

तो तिसरा धंदा त्यांना एका संध्याकाळी सापडला.

गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत गावठाणाची मोकळी जागा आहे. एका कडेला मोठं निंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला रस्ता, आणि निंबाच्या पलीकडं समाधानच्या काकाची केळी. पोरं तिथं टेनिस बॉलनं खेळायची. समाधाननं त्या दिवशी बऱ्हाणपूरहून पहिल्यांदा लेदरचा चेंडू आणला होता. तिसऱ्याच चेंडूला तो खड्यावर पडून उसळला आणि धर्मेंद्रच्या हनुवटीवर बसला. रक्त बघून पोरं गोळा झाली. दगाआबा बकरीला पाला घेऊन चालले होते. त्यांनी पाला खाली ठेवला, धर्मेंद्रच्या हनुवटीला स्वतःचा रुमाल बांधला, आणि जिथं चेंडू पडला होता तिथं जाऊन पायाच्या अंगठ्यानं माती उकरून पाहिली.

"जमीन वाईट नाई," ते म्हणाले. "तिला कोणी दाबली नाई."

"दाबायची म्हणजे कशी, आबा?" समाधाननं विचारलं.

"खयं करतात तशी. किती लांब लागते तुमाले?"

"बावीस यार्ड."

"हातात सांग."

कोणालाच येईना. शेवटी गोटूनं, म्हणजे टीमच्या विकेटकीपरनं, मोबाईलवर गुणाकार करून सांगितलं, "चव्वेचाळीस हात."

"येवढंच?" आबा म्हणाले. "येवढ्यात तर एका घरची ज्वारी मावत नाई." आणि पाला उचलून चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कुदळ घेऊन हजर.

पोरांना वाटलं होतं, आठवड्याचं काम असेल. लागले पंधरा महिने. आबांनी जमीन गुडघाभर खणायला लावली. तळाशी नदीची रेव, वर मुरूम, आणि त्यावर काळी माती, ती सुद्धा चाळणीतून चाळून. एका वेळी फक्त चार बोटांचा थर. तो भिजवायचा, वाफशावर येऊ द्यायचा, दाबायचा, मग पुढचा थर. रोलर नव्हता, तेव्हा सिमेंटच्या पाईपात गिट्टी-सिमेंट भरून, मधून जाड सळई घालून पोरांनी स्वतः बनवला. तो ओढायला सहा जण लागायचे. पहिल्या पावसाळ्यात सगळं वाहून गेलं. पोरं हिरमुसली. आबांनी उतार कुठं चुकला ते पाहिलं, पाणी जायला एक चारी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सोजरबाई, त्यांची बायको, शेजारणींना सांगायची, "चाळीस वर्सं झाली माझं अंगण सारवा म्हणते, तर वेळ नाई. आन् पोरायच्या चेंडूसाठी माती चाळून राह्यले, जशी पोळ्यायची कणीक." पण दुपारची भाकरी ती त्या पिचवरच घेऊन जायची, आणि चपला मात्र लांब काढायची.

जानेवारीतला रविवार ठरला. शनवाऱ्याची टीम म्हणजे शहरातली नोकरदार-दुकानदार मंडळी. कप्तान अरविंद सर, एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा वेगवान गोलंदाज निलेश कुठल्याशा ऑफिसात बाबू होता, पण धावत आला की अंगावर ट्रक येतोय असं वाटायचं. लेदरवर खेळायची सवय असलेली ती माणसं. जसोंडीच्या पोरांची लेदरवरची ही पहिलीच खरी मॅच.

शनिवारी संध्याकाळी आबांनी शेवटचा हात फिरवला. पिच ताटासारखं सपाट आणि काळंभोर दिसत होतं. ते घरी आले, जेवले आणि निवांत झोपले.

रविवारी साडेसहाला समाधान धावत आला. "आबा, पिच पाण्यात गेलं!"

झालं होतं असं, की काकाच्या केळीत रानडुकरांनी मोठी नळी फाडली होती. पहाटे लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली, आणि पाणी केळीत जायच्या ऐवजी मैदानात आलं. आबा पोचले तेव्हा निंबाकडच्या टोकाला पिचवर पाणी साचलं होतं. साधारण पंधरा हात. रस्त्याकडचा भाग कोरडा होता. अकरा पोरं डोक्याला हात लावून उभी.

"मोटार बंद केली का?" आबांनी विचारलं.

"केली."

"मग उभे काहून? गोणपाटं आणा. जेवढी गावात असतील तेवढी."

पोरांनी गोणपाटं अंथरून, पिळून, पुन्हा अंथरून पाणी टिपलं. पाणी निघालं तरी वरची माती लोण्यासारखी झाली होती. धर्मेंद्र म्हणाला, "आबा, पत्र्यावर गोवऱ्यांचे निखारे ठेवू वरून. दस मिनट में सूख जाएगा."

"वरून पापड होईल आन् खाली ओल राहील. पापडावर खेळता का?" आबा म्हणाले. त्यांनी खिशातून दाभण काढलं, गोणी शिवायचं, आणि हातभर अंतरावर एकेक करत जमिनीत टोचत गेले. प्रत्येक वेळी बाहेर काढून त्याला किती ओली माती लागली ते बघायचे. पंधरा हात संपेपर्यंत पोरं त्यांच्यामागून सरकत राहिली.

शेवटी ते उठले. "अर्ध्या पेराच्या खाली पाणी गेलं नाई. पक्कं खयं पाणी पीत नाई. पंधरा महिने काय झक मारली का आपुन?"

मग खुरप्याच्या पात्यानं त्यांनी वरची ओली साय अलगद खरवडली, चाळलेली कोरडी माती भुरभुरवली आणि ऊन चढायची वाट पाहत बसले. वारा उत्तरेचा होता, कोरडा. आबांनी ओठाला जीभ लावून पाहिली आणि म्हणाले, "अकराला खेळा."

शनवाऱ्याची मंडळी नऊलाच दोन गाड्यांतून उतरली. सोबत मावा जलेबीचा मोठा डबा. रामराम-नमस्कार झाले, चहा आला, आणि मग निलेश पिच बघायला गेला. तिथूनच ओरडला, "अरे सर, ये क्या है? आधं पिच सुखं, आधं गिलं! मी इथं फुल स्पीडनं टाकलं तर कोणाचं तरी डोकं फुटेल ना."

अरविंद सर आले, वाकून बघितलं. माणूस सरळ होता. त्यांनी समाधानला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच बोलले. "समाधान, तुमची मेहनत दिसते आहे. पण मागच्या वर्षी एका ठिकाणी अशाच पिचवर आमच्या एका माणसाचा जबडा गेला. आपण आज टेनिस बॉलनं खेळू. मैत्रीचीच तर मॅच आहे."

समाधानचं तोंड उतरलं. पंधरा महिने रोलर ओढलेली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. गोटू पुटपुटला, "टेनिसनंच खेळायचं होतं तर हे केलं कशाला?"

दगाआबा निंबाखाली गोणपाटाच्या गठ्ठ्यावर बसले होते. ते उठून आले. "सर, तुमचं बराबर आहे. तुमच्यासंगं दुसऱ्याच्या घरची माणसं आहेत."

"तेच म्हणतो, आबा."

"पण पिच अकराला खेळायसारखं होईल असं मी म्हणून राह्यलो. माझ्या म्हणण्यावर इस्वास ठेवा असं नाई म्हणत. पाहून घ्या. साडेदहाला मी इथं उभा राहतो, निंबाकडच्या टोकाला. तुमचा तो दांडगा पोऱ्या आहे ना, त्याले सहा चेंडू टाकू द्या. पूर्ण जोरानं."

"तुमच्यावर?" अरविंद सर चमकले. "आबा, बॅटिंग करता का तुम्ही?"

"नाई. म्हणूनच बरं. मी हालणारच नाई."

दहा जणांनी समजावलं. आबा ऐकेनात. शेवटी पॅड आणि हेल्मेट घालायच्या अटीवर सर कबूल झाले. साडेदहाला पोरांनी धोतरावरून आबांना पॅड बांधले आणि हातात बॅट दिली, तेव्हा दोन्ही टीम हसल्या, आणि आबाही हसले. हेल्मेट मात्र त्यांनी दोनदा काढून पाहिलं. "हे आतून मडक्यासारखं वाजते," म्हणाले. भरताची वांगी भाजत असलेली सोजरबाई राखेचे हात तसेच घेऊन कडेला येऊन उभी राहिली.

आबांनी उभं राहायच्या आधी एक गोष्ट केली. बोटांत चुना घेऊन पिचवर तीन आडव्या रेघा ओढल्या. आणि निलेशला हाक मारून सांगितलं, "बेटा, इथं पडला तर माझ्या घुडग्याला येईल. इथं पडला तर कंबरेला. आन् या तिसऱ्या रेघेवर पडला तर छातीला. त्याच्या वर नाई आन् खाली बी नाई. बाकी तुझी मर्जी."

निलेशला ते जरा लागलं असावं. त्यानं रनअप लांब घेतला.

पहिला चेंडू मधल्या रेघेवर पडला. आबा खांबासारखे उभे. चेंडू कंबरेच्या उंचीनं शेजारून गेला आणि शनवाऱ्याचा विकेटकीपर कमल याच्या हातात बसला. कमल ओरडला, "कमर!"

दुसरा चेंडू पुढं पडला आणि पॅडवर आदळला. आबा एक पाऊल मागं सरकले, पुन्हा जागेवर आले. "घुटना!" कमल म्हणाला. आता कडेला माणसं जमू लागली होती.

तिसऱ्याला निलेशनं मुद्दाम आखूड टाकला. चेंडू सपकन छातीच्या रेषेत आला आणि आबांच्या कोपरापासून वितभर अंतरावरून गेला. सोजरबाई तिथूनच ओरडली, "आता बस झालं की!" आबांनी तिच्याकडं न बघता हात वर करून थांबवलं. चौथा कंबर. पाचवा कंबर. गाव टाळ्या वाजवायला लागलं.

सहावा चेंडू पहिल्या रेघेवर पडला आणि गुडघ्याला यायच्या ऐवजी सरपटत घोट्याशी गेला.

टाळ्या थांबल्या. निलेशनं सरांकडं बघितलं. कोणी काही बोलायच्या आत आबांनी बॅट खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि चेंडू पडला होता तिथं उकिडवे बसले. अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"इथं वाळलं नाई," ते मोठ्यानं म्हणाले. "हातभर अंतरानं टोचलं आन् मधली ही जागा हुकली. माझं चुकलं, सर. पंधरा मिनिटं द्या."

त्यांनी तेवढी हाताच्या पंजाएवढी जागा उकरली, ओली माती काढून टाकली, कोरडी भरली, किंचित पाणी शिंपडलं आणि धुमसानं ठोकायला बसले. ठोके एकसारखे, घाई नाही. पॅड तसेच पायात. मग पुन्हा दाभण काढून या वेळी चार-चार बोटांवर टोचत सगळं टोक तपासलं. उठून म्हणाले, "आता परत सहा टाका."

"आबा, रहने दो," निलेश म्हणाला. आवाज मघासारखा नव्हता.

"नाई. एक चुकला म्हंजे सहाही परत."

निलेशनं त्या बुजवलेल्या जागेवर तीन टाकले. तिन्ही गुडघ्याला आले. सहाव्या चेंडूला तर आबांनी नुसती बॅट आडवी धरली आणि चेंडू लागून चार पावलं पुढं गेला, तेव्हा गोटूनं "रन, आबा, रन!" अशी बोंब ठोकली. अरविंद सरांनी चेंडू उचलला, शर्टावर घासला आणि समाधानच्या हातात दिला. "यानंच खेळायचं. वीस-वीस ओव्हर."

टॉसच्या आधी समाधाननं आबांना निंबाच्या खोडाआड गाठलं. ते पॅड सोडत होते. "आबा, आता खरं सांगा. आधी बॅटिंग घेऊ का बॉलिंग? फक्त मला सांगा."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग मान वळवून हाक मारली, "सर, जरा इकडं या."

अरविंद सर आले. आबांनी दोघांना सांगितलं, "हा कप्तान विचारून राह्यला, म्हणून तुमालेही सांगतो. आता दोन तास पिच एकदम सरळ आहे. एकनंतर निंबाकडचं टोक वरून भुसभुशीत होईल, तिथं हळू टाकलेला चेंडू वळेल. दोघांनी आपापलं पाहून घ्या."

सर म्हणाले, "थँक यू, आबा." समाधानच्या कपाळाची शीर ताठली. टॉस उडाला. सरांनी जिंकला आणि बॅटिंग घेतली.

शनवाऱ्यानं वीस ओव्हरमध्ये एकशे सत्तावीस केल्या. पिच खरोखर सरळ होतं. धर्मेंद्रनं तीन विकेट काढल्या त्या आपल्या जोरावर. जसोंडीचे समाधान आणि गोटू खेळायला आले आणि आठ ओव्हरमध्ये साठ धावा झाल्या. गावात शिट्ट्या सुरू झाल्या. घड्याळात दीड वाजत आला होता. अरविंद सरांनी निलेशला बाजूला केलं, चेंडू स्वतः घेतला आणि रस्त्याकडून हळूहळू टाकायला लागले.

त्यांच्या दुसऱ्या ओव्हरला समाधान पुढं सरसावला. चेंडू निंबाकडच्या टोकाला पडला, वितभर वळला आणि मधला स्टंप घेऊन गेला. समाधान एक्केचाळीसवर बाद. परत येताना तो आबांच्या समोरून गेला, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. आबांनी मात्र त्याच्याकडं बघितलं. मग पुढं वाकून पुन्हा चेंडूकडं बघायला लागले.

सरांनी चार विकेट काढल्या. तरी पोरांनी सोडलं नाही. शेवटच्या ओव्हरला अकरा धावा हव्या होत्या. धर्मेंद्रनं, हनुवटीवर त्या जुन्या जखमेची खूण मिरवत, एक चौकार मारला आणि गाव उभं राहिलं. पण पुढं तीनच धावा निघाल्या. जसोंडी तीन धावांनी हरली. वीस अधिक वीस, चाळीस ओव्हर लेदरचा चेंडू पडत होता, आणि कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

जेवायला निंबाखाली पंगत बसली. भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि पाहुण्यांची मावा जलेबी. निलेश आबांच्या शेजारी येऊन बसला आणि त्यांच्या पानात जलेबी वाढत राहिला. समाधान लांब बसला होता. जेवण झाल्यावर तो हात धुवून आला, आणि उभ्यानंच म्हणाला, "आबा, एक गोष्ट बोलू?"

"बोल."

"तुम्ही त्यांना सांगितलं नसतं तर आपण जिंकलो असतो."

"हो. जिंकलो असतो," आबा म्हणाले.

एवढं सरळ उत्तर येईल असं समाधानला वाटलं नव्हतं. "मग? आपले कोण, मी का ते?"

"तू. पण पिच तुझं एकट्याचं असतं तर मी ते तुझ्या अंगणात केलं असतं. खयावर गावातला पाटील असो का गावातला शेवटचा माणूस, दोघायच्या पुढं तोच ढीग असायचा. माझ्या बापानं कोणाच्या कानात काही सांगतलं नाई. मी पण नाई सांगत." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुले राग आला, येऊ दे. पण तुझी बॅट चांगली चालून राह्यली होती. तो चेंडू वळणार हे तुलेही मीच सांगतलं होतं. मग पुढं काहून गेला?"

शेजारी धर्मेंद्र खुदकन हसला, आणि समाधाननं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

राग मात्र लगेच गेला नाही. सोमवारपासून चार दिवस समाधान मैदानाकडं फिरकला नाही. आबा एकटेच पिच झाडायचे, पायाच्या खुणा बुजवायचे. सोजरबाई म्हणाली, "पोरगा रुसला तुमच्यावर."

"रुसू दे. त्याच्या हातात खेळ आहे. खेळणाऱ्याले घरी करमत नाई."

गुरुवारी संध्याकाळी अरविंद सर मोटारसायकलवर आले. त्यांच्या क्लबच्या मैदानावर, शहरात, पिच करायचं होतं. दोन वेळा कोणाकोणाला बोलावलं, पैसे गेले, पिच झालं नाही. "आबा, तुम्ही आलात तर बरं होईल. तुमचं जे काही असेल ते आम्ही देऊ."

आबांनी विचारलं, "माती कुठली आहे तिथं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मग आधी माती पाहतो. देण्याघेण्याचं नंतर."

सर गेले. आबा दार लावत होते, तेवढ्यात समोरच्या बोळातून समाधान आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आबा, शहरात कसे जाणार तुम्ही? बसनं?"

"पाहू."

"पाहू कसं? मी नेतो ना गाडीवर." मग जरा थांबून म्हणाला, "तिथं रोलर ओढायला माणसं लागतील. शहरातले लोक काय ओढणार? मी आणि धर्मेंद्र येऊ. आपल्याला फुकटात त्यांची प्रॅक्टिस बघायला मिळेल."

"हे कानात सांगून राह्यला का सगळ्यांसमोर?" आबांनी विचारलं, आणि समाधान मोठ्यानं हसला.

रविवारी सकाळी दोघं शहरातल्या त्या मैदानावर पोचले. क्लबची माणसं ओळीनं उभी होती. कोणीतरी खुर्ची आणली, कोणी चहा. आबा बसले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पिचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, आणि तसेच परत आले. मध्ये एकदा थांबून टाचेनं जोरात दाबलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"कसं आहे, आबा?" अरविंद सरांनी विचारलं.

"भिजल्याबिगर दाबलं आहे. वरून चकचकीत, आतून पोकळ." आबांनी धोतराचा काचा मारला. "होईल. गुडघाभर खणावं लागेल. कुदळ आहे का इथं?"

"आज?" सर म्हणाले.

"मग कधी?" आबा म्हणाले.